पेन्सिलीने घातलेला आर

मी फ्रेंच घेतलं ते मार्कांसाठी. म्हापशाच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कानात सांगितलं, हिंदीपेक्षा फ्रेंच स्कोरिंग आहे, तिथे पाठांतराला मार्क देतात. पाठांतरात मला हरवणारा अजून जन्मायचा होता, निदान मुळगावात तरी माझी तशी ख्याती होती. तेव्हा फ्रेंच काय नि रशियन काय, रूपं घोकायची आणि पेपरात ओतायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वर्गातली बहुतेक मुलं बार्देशातली, इंग्रजी शाळांतून आलेली. गोवा मुक्त झाल्यावर आमच्याकडे गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्या शाळांतून आलेले वर्गात दोघेच. एक मी, डिचोलीकडचा. दुसरी ती, पेडण्याची. तिच्या वडिलांचं पेडण्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं, आमची मुळगावात भातशेती. मुलगे एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला बसत, पण आम्ही दोघेही इंग्रजीला घाबरून शेवटच्या बाकावर गेलो होतो आणि दोन बाकांमध्ये हातभर जागा होती.

सर पोर्तुगिजांच्या वेळी पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले, म्हातारे, उन्हाळ्यातही कोट घालणारे. शिकवायचे इंग्रजीत, चिडायचे पोर्तुगीजमध्ये, आणि आम्हा दोघांचे कोरे चेहरे दिसले की कोंकणीवर यायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी ते रूप शिकवलं, ज्याच्याबद्दल मला आज लिहायचं आहे. फळ्यावर एक क्रियापद लिहिलं आणि म्हणाले, “भुर्गेनो, हाका कूड फुडाराची आनी शेंपडी फाटल्या काळाची.”

म्हणजे धड भविष्यकाळाचं आणि शेपूट भूतकाळाची. पार्ले, बोलणे, हे क्रियापद पूर्ण घ्यायचं. त्याच्या शेवटी आर हे अक्षर असतं. भविष्यकाळात तो आर टिकतो, तसाच इथेही टिकवायचा. हे झालं धड. मग त्याच्या मागे भूतकाळाचे प्रत्यय लावायचे. ते सहा, पण त्यातले चार लिहायला वेगळे असून बोलताना सारखेच, नुसता ‘ए’. पार्लरे, मी बोललो असतो. फिनीर म्हणजे संपवणे, त्याचं फिनीरे. आणि ज्या क्रियापदांच्या शेवटी आर-ई येतं त्यांचा ई खुडून टाकायचा. वांद्र म्हणजे विकणे, त्याचं झालं वांद्रे.

वांद्रे म्हटल्यावर ती फसकन हसली. मीही हसलो. आधी पार्ले आणि आता वांद्रे. आम्ही दोघांनीही मुंबई पाहिलेली नव्हती, पण नावं ठाऊक होती. सरांना काही कळेना. त्यांनी आम्हा दोघांना उभं केलं, आणि तास संपेपर्यंत आम्ही उभेच होतो. इतका आनंद मला नंतर बसून कधी झाला नाही.

त्या दिवशी मी वहीच्या समासात लिहून ठेवलं: ‘रे’ म्हणजे ‘असतं’. बोललो असतो, संपवलं असतं, विकलं असतं. मला वाटलं, वा, एका अक्षरात काम झालं. ते मी तिच्या वहीतही लिहून दिलं. तिच्या वह्या तपासण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलेलं होतं, पेन्सिलीने. तिने कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, “तू सगळ्याचां मराठी करतस आणि मगेच तुका कळता. मराठी नाय झालां तर तुका कळाचाच नाय.” मला ती तारीफ वाटायची.

ती उलट होती. नियम तिच्या डोक्यात राहत नसत. ती आख्खी वाक्यं पुटपुटत बसायची, तोंडात लिमलेटची गोळी ठेवावी तशी. परीक्षेत तिला माझ्यापेक्षा कमी पडायचे, कारण पेपरात फक्त रूपं विचारत. गाळलेल्या जागा भरा, दहा मार्क. हे रूप माणसं कधी वापरतात, कशासाठी वापरतात, ते कोणी विचारत नसे, म्हणून मीही बघितलं नाही. तिने मात्र एकदा तास संपल्यावर सरांना गाठून विचारलं. दोघं व्हरांड्यात बराच वेळ बोलत होते. मी लांबून तिची पिशवी धरून उभा होतो आणि बस चुकेल म्हणून चरफडत होतो.

बस तिची आधी सुटायची, माझी वीस मिनिटांनी. बसायला जागा मिळावी म्हणून मी कधी आधी माझ्या बसच्या रांगेत जाऊन उभा राहिलो नाही. पेडण्याची गाडी जाईपर्यंत आम्ही दोघे त्या गाडीपाशीच उभे असायचो. काय बोलायचो? काही नाही. तिच्या डब्यातला उंडो पाव कोणी खाल्ला, सरांचा कोट कोण धुतं, असलं. मला ती आवडते हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत होतं असं मी धरून चाललो होतो, आणि मला वाटतं, ते खरंच होतं.

बी. ए. झालो. ती घरी बसली, दुकानात वडिलांना मदत करायला. मला पाळी गावातल्या एका खाणीच्या ऑफिसात नोकरी लागली, पण तात्पुरती. आमच्या ऑफिसात ‘कायम’ या शब्दाला देवासारखा मान होता. कायम झालेला माणूस वेगळा चालायचा. मी मनाशी ठरवून टाकलं, कायम झालो की पेडण्याला जायचं आणि तिच्या वडिलांना विचारायचं. तात्पुरत्या कारकुनाला कापडवाला आपली मुलगी कशाला देईल? हे सगळं मी ठरवलं आणि तिला एका शब्दाने कळवलं नाही. कळवायचं कसं, हेही होतंच. तिच्या घरी आलेलं पत्र आधी वडील फोडत. आणि माझ्या नावाने आलेलं काहीही आमच्या पोस्टमनने आधी वाचलेलं असायचं.

तसाच तो एका दुपारी अंगणात आला, हातात पोस्टकार्ड उलटंसुलटं करत.

“हें कितें रे? विंग्लीश न्हय, पोर्तुगेज न्हय.”

“नोकरीचें,” मी म्हटलं.

“एकूच वळ? तुजो साहेब शाय वापरपाकूय कंजूस दिसता.”

कार्डावर एकच ओळ होती. खाली नाव नव्हतं, पण अक्षर मी इतक्या वेळा तपासलेलं की नावाची गरज नव्हती. Si tu demandais à mon père, j'accepterais. उघड्या कार्डावर, दोन तालुक्यांच्या पोस्टांतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिने ते धाडलं होतं. तिच्याखेरीज तिच्या घरात आणि माझ्या गावात ते वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि तो मी होतो.

मी वाचलं. आणि सवयीने त्याचं मराठी केलं. दमांदे म्हणजे विचारणे. आक्सेप्ते म्हणजे मान्य करणे. सी म्हणजे जर. दुसऱ्या क्रियापदात रे होता. रे म्हणजे असतं. तू माझ्या वडिलांना विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं.

मराठी माणसाला हे वाक्य वाचून दुसरं काय समजणार? विचारलं असतंस तर. म्हणजे विचारलं नाहीस. म्हटलं असतं. म्हणजे आता नाही. तिचं कुठेतरी ठरलं आहे, आणि ती मला शेवटचं सांगते आहे, की वेळ होती तेव्हा तू गप्प बसलास. मी ओट्यावर बसलो. आई आतून विचारत होती, कोणाचं कार्ड, काय लिहिलंय. मी ओरडलो तिच्यावर. आईवर मी कधी ओरडत नसे.

एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि ती लिहिताना आजही कान तापतात. पहिल्या क्रियापदात आर नव्हता. दोन्हीकडे ‘असतं’ आहे, मग आर दोन्हीकडे हवा. दमांदे नव्हे, दमांदरे. एवढं साधं हिला अजून येत नाही, असं माझ्या मनात आलं. मी आत गेलो, पेन्सिल घेतली आणि त्या शब्दात, जिथे तो नव्हता तिथे, बारीक ई आणि आर लिहिले. माझं काळीज फाटलेलं होतं आणि मी शुद्धलेखन तपासत होतो. असा माणूस मी.

चार दिवसांनी अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत मी ते कार्ड जाळलं. उत्तर दिलं नाही. संपलेल्या गोष्टीला काय उत्तर देणार? शिवाय मला रागही होता, आणि त्या रागात एक मोठेपणाही होता. आपण मध्ये यायचं नाही, तिला सुखाने जाऊ द्यायचं, असलं काहीतरी मी स्वतःला ऐकवत असे आणि त्यावर खूशही होत असे.

तिच्या लग्नाची पत्रिका आली ती आठ महिन्यांनी. आठ! मला तेव्हाच शंका यायला हवी होती, की कार्ड आलं तेव्हा ठरलं होतं तर इतके दिवस का लागले. मी म्हटलं, मुहूर्त मिळाला नसेल. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू होतं, पत्ता दुसऱ्या कोणाच्या अक्षरात होता. मी गेलो नाही. त्याच महिन्यात मी कायम झालो.

पुढे माझंही लग्न झालं. बायको चांगली मिळाली. हे मी औपचारिकपणे लिहीत नाही. ती हे वाचणार आहे, तिला फ्रेंच येत नसलं तरी मराठी येतं, आणि तिच्याशी मी यातलं काही कधी बोललेलो नाही. तिचं यात काही चुकलेलं नाही. एक मुलगी झाली. मुलगी नववीत गेली तेव्हा शाळेत तिसऱ्या भाषेला फ्रेंच होतं, आणि तिला कोणीतरी सांगितलं, फ्रेंच स्कोरिंग आहे.

एका रविवारी सकाळी ती ओट्यावर धडे करत बसली होती. मी जवळच कानशीने सुऱ्यांना धार लावत होतो. तिला वाक्य अडलं तेव्हा मी ऐटीत म्हटलं, “सांग, मला सगळं पाठ आहे.” आणि खरंच, इतक्या वर्षांनी सहाही प्रत्यय मी घडाघडा म्हटले. मुलगी थक्क झाली. वाक्य होतं, तू जर अभ्यास, तर मी तुला मदत, आणि कंसात दोन क्रियापदं. मी म्हटलं, दोन्हीकडे आर घाल. तू अभ्यास केला असतास तर मी मदत केली असती.

“बाबा, तुमचें चुकता,” ती म्हणाली. “सीच्या फाटल्यान आर कदींच येना. टीचरान धा फावट सांगलां.”

“मग भूतकाळ होईल ना तिथे. तू करत होतास.”

“दिसता भूतकाळ, पूण न्हय. अजून जावंक ना, पूण जावंक शकता. तुवें अभ्यास केलो जाल्यार हांव मजत करीन. जालेंगेलें सांगपाक दुसरें रूप आसा, तें फुडल्या धड्यांत.” तिने पान उलटून दाखवलं. खरंच होतं. न झालेल्या पण होऊ शकणाऱ्यासाठी हे, आणि झाल्यागेल्यासाठी वेगळं, लांबलचक रूप. आमच्याही पुस्तकात ते असणार, पुढच्या धड्यात, जो आमच्या पोर्शनमध्ये नव्हता.

मी विचारलं, “आणि समजा, सी तू दमांदे, जाक्सेप्तरे?”

तिने क्षणभरही विचार केला नाही. “तूं विचारशी जाल्यार हांव हय म्हणटलें.”

विचारशील तर मी हो म्हणेन. मी सुऱ्या तशाच टाकून न्हाणीत गेलो आणि नळ सोडून रडलो. पाण्याच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही असं मला वाटलं होतं, पण बाहेर आल्यावर मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती, वहीत डोकं घालून बसली होती. मी तिला म्हटलं, बरोबर आहे तुझं. ती म्हणाली, “कितें जालें बाबा?” मी म्हटलं, डोळ्यांत लोखंडाचा कीस गेला.

कार्डातून ती मला सांगत होती, विचार. अजून वेळ आहे, ये आणि विचार. कितीतरी महिने ते वाक्य उघडं होतं. सर व्हरांड्यात तिला काय समजावत होते ते मला आता कळलं. आख्ख्या वर्गात ते रूप वापरायला शिकलेली ती एकटीच होती, आणि तिने ते आयुष्यात एकदाच वापरलं, बिनचूक. मी त्यात आर घातला.

यानंतर नऊ वर्षं मी हे पोटात ठेवलं. मग मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे पत्रिका हातोहात द्यायची पद्धत आहे, आणि पेडण्यात बायकोच्या माहेरची चार घरं आहेत. मी पाचव्या घरीही गेलो, कार्ड धाडणारीच्या; तिला पेडण्यातच दिलं होतं. पत्ता शोधावा लागला नाही, पेडण्यात एकमेकांचं घर सगळ्यांना माहीत असतं. मनात एक वेडी आशा होती, की हे ऐकून तिला बरं वाटेल. आपल्याला नाकारलं नव्हतं हे कळल्यावर कोणाला बरं वाटणार नाही?

मेचे दिवस होते. ती पडवीत बसून भिरंडां, म्हणजे कोकमं, फोडत होती, हात मनगटापर्यंत लाल. केस निम्मे पांढरे. तिच्या नवऱ्यानेच माझं स्वागत केलं. निवृत्त मास्तर, मोकळा माणूस. “कॉलेजातले? अरे वा! बसा तुमी, मी नाक्यावरची भजी घेवन येतंय. खाल्ल्याबगर सोडूचंय नाय,” म्हणत त्यांनी सायकल काढली.

ती मला ‘तुमी’ म्हणत होती. मुलगी काय करते, जावई कुठला, सगळं ‘तुमी’ घालून विचारलं. मग मी सांगितलं. कार्ड मिळालं होतं. मी त्याचं काय मराठी केलं. मुलीने काय सांगितलं. हेही सांगितलं, की मी पेन्सिलीने दुरुस्ती केली.

“आर घातलास?” असं तिच्या तोंडातून निघालं, आणि लगेच तिने सावरून घेतलं. “घातलात? माझ्या वाक्यात?”

“हो.”

ती हसेल असं मला वाटलं. आम्ही वांद्र्याला हसलो होतो तशी. ती पुन्हा भिरंडां फोडायला लागली. मग बोलली ते माझ्याकडे न बघता.

“सा म्हयने वाट बघली मी. पोस्टमन येयसर दुकानात बसायचंय. मगे मनात म्हटलां, तेका मी नको. वाचलान, समाजलान, आणि गप रवलो, म्हणजे नकोच. ह्यां एकदा ठरवल्यार सोपां झालां. रडणां थांबलां. ह्यांका हय म्हटलां. आणि हे चांगले गावले, माका काय्येक कमी नाय. तेका मी नको होतंय, ह्या एका गोष्टीवर मी सगळां उभां केलां. आणि आता तुमी येवन सांगतात, तसां नव्हतां.”

“तुला बरं वाटेल म्हणून—”

“माका?” ती म्हणाली. “तुमका बरां वाटूचां म्हणान आयलात तुमी.”

ते खरं होतं. नऊ वर्षं जे मला झेपलं नाही, ते मी पत्रिकेबरोबर तिच्या पडवीत आणून ठेवलं होतं. तिच्याजवळ एक साधं, बरं झालेलं दुःख होतं, ते मी काढून घेतलं आणि त्याच्या जागी हे दिलं. मी माफी मागायला लागलो. फाटकाशी सायकलची घंटी वाजली. तिने लाल हातांनी डोळे पुसले नाहीत, दंडाला पुसले.

“तू जा,” ती म्हणाली.

फाटकात नवऱ्याने मला अडवलं. मी बसचं निमित्त सांगितलं. त्यांनी भज्यांचा पुडा माझ्या हातात कोंबला आणि लग्नाला दोघेही नक्की येतो म्हणाले.

लग्नाला ते एकटेच आले. मुलीला आहेर दिला, पंगतीत माझ्या शेजारी बसले, सोलकढी दोनदा मागून घेतली. हात धुताना आपणहून म्हणाले, “तिका बरां नाय. त्या दिसापासून जेवणात लक्षच नाय तिचां. डॉक्टर म्हणता, काय्येक नाय.” आणि माझ्याकडे बघत राहिले, मी काही विचारेन म्हणून. मी त्यांना टॉवेल दिला. विचारलं नाही.